कनेक्टिंग फ्लाइट? आधी पीएनआर बघा!
स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढताय? जरा थांबा. एकाच पीएनआरवर पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं, तर पुढची सोय एअरलाइनने करायची. वेगळ्या तिकिटांवर तुम्ही थेट ‘नो-शो’, पैसे गेलेच समजा.

अमेरिकेला जाताना लेओव्हर सढळ हाताने ठेवा. समजा, मुंबई–फ्रँकफर्ट–शिकागो–डॅलस. बॅगेवर टॅग डॅलसचा असला तरी साधारणपणे शिकागोलाच इमिग्रेशन, मग बेल्टवरून बॅग उचला, कस्टम्समधून न्या, पुन्हा जमा करा, परत सिक्युरिटीची रांग. माझ्या मते इथे ३ तास हवेतच. आईबाबा एकटेच येणार असतील तर ४.

आणि हो, मुंबईत टी१ ते टी२ रस्त्याने किंवा मेट्रोने जावं लागतं. टर्मिनल बघूनच बुकिंग करा.