सोसणे आणि सांगणे

हा विषय वाङ्मयीन-वैचारिक नियतकालिकात मांडावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. बाईच्या ओटीपोटातील दुखण्याविषयी आपल्याकडे एक तर डॉक्टर लिहितात, नाही तर कोणीच लिहीत नाही. वेदना हा शब्द आपल्या साहित्यात इतका आला, इतका चर्चिला गेला. त्या वेदनेत हे दुखणे धरायचे की नाही? माझ्या मते धरले पाहिजे. म्हणून स्वतःवर आलेला प्रसंग आधी सांगते, आणि आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते असे जे मला नंतर कळले, ते त्यापुढे मांडते.

मी शिक्षिका आहे. वय ४३. दीड वर्षापासून पाळीच्या आधी आणि पाळीत ओटीपोट फार दुखे. अंगावरून जाणेही वाढले होते. दुकानातून आणलेल्या गोळ्या घेऊन मी वर्गावर उभी राहत असे. शेवटी जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी चिठ्ठीवर सोनोग्राफी लिहून दिली. सोनोग्राफी म्हणजे पोटावर जेल लावून यंत्र फिरवतात, एवढेच मला ठाऊक होते. दोन बाळंतपणांत तेवढेच झाले होते. म्हणून मी सकाळपासून पाणी पिऊन, लघवी दाबून गेले. खोलीत गेल्यावर कळले की तपासणी आतून, म्हणजे योनीमार्गातून करायची आहे. कळले म्हणजे कोणी सांगितले असे नव्हे. ‘कपडे काढून पाय वर घ्या’ एवढ्या वाक्यावरून मी ओळखले.

प्रोब आत गेला आणि डाव्या बाजूला, खोल कुठेतरी, सुरी फिरवावी तशी कळ आली. तोंडून ‘आई गं’ निघाले. शेजारी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, “बाई, लेकरं झाली ना तुम्हाला? मग एवढ्यानं काय होतंय?” डॉक्टर पडद्याकडे पाहत म्हणाले, “अंग सैल सोडा. दोन मिनिटांचं काम आहे.” मी ओठ दाताखाली धरला. दोन मिनिटांची दहा झाली. समजले नाही तर हात वर करा, असे मी मुलांना रोज सांगते. माझा हात मात्र टेबलाची कड धरून बसला होता.

परतीच्या एस.टी.त मला नीट बसता येईना. रात्री ओटीपोटात गोळा आल्यासारखे होत राहिले. थोडे रक्तही दिसले. दोन दिवस हे चालले. अहवालात लिहिले होते की गर्भाशय मागे झुकलेले आहे, बाकी विशेष काही नाही. माझ्या दुखण्याचा त्यात एक शब्दही नव्हता.

आईला सांगितले, तर ती म्हणाली, “अगं, बाईच्या जातीला सोसावंच लागतं. मी खुरपं बाजूला ठेवून बाळंत झाले.” तिचे खोटे नव्हते. बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये अडलेल्या कोवळ्या पोरींचे जे हाल लिहून ठेवले आहेत, ते तिच्या आधीच्या पिढीने भोगलेले आहेत. पण त्या पिढीपुढे दुसरा मार्ग नव्हता. माझ्यापुढे होता, आणि तरीही मी गप्प राहिले. याचे कारण काय, हा प्रश्न मला पडला.

पुढे ग्रामीण रुग्णालयातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. अहवाल हातात घेण्याआधीच त्यांनी विचारले, “तपासताना दुखलं का? नेमकं कुठे?” मी सांगितले. त्यांनी पुन्हा विचारले, “हे त्या वेळी सांगितलंत?” मी मान हलवली. त्यावर त्या म्हणाल्या, “ताई, दुखलेली जागा हाच अर्धा अहवाल असतो.” या एका वाक्याने माझा सगळा समज उलटा झाला. तोवर मला वाटत होते की दुखणे म्हणजे तपासणीतला अडथळा, आणि शहाण्या बाईने तो होऊ देऊ नये.

आता ही तपासणी म्हणजे काय, ते पाहू. माणसाला ऐकू येणारा आवाज सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा असतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी त्याहून कितीतरी पुढच्या. पोटावरून तपासताना साधारण २० ते ५० लाख कंपनांच्या लहरी वापरतात, तर आतून तपासताना ५० ते ९० लाख किंवा त्याहून जास्त. कंपने जितकी जास्त तितके चित्र स्पष्ट. पण अशी लहर खोलवर जात नाही, म्हणून यंत्रच गर्भाशयाजवळ न्यावे लागते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड या डॉक्टरांनी धातूतील भेगा शोधणाऱ्या यंत्रावरून ही विद्या स्त्रियांच्या पोटाच्या तपासणीत आणली आणि १९५८ साली सहकाऱ्यांसह त्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. या ध्वनिलहरी दुखवीत नाहीत. दुखवतो तो प्रोबचा दाब आणि त्याची हालचाल.

बहुतेक बायकांना या तपासणीत थोडे अवघडल्यासारखे होते, एवढेच. ज्यांना खरोखर दुखते त्यांच्या दुखण्याला बहुधा कारण असते. योनीमार्गात किंवा गर्भाशयाच्या आसपास जंतुसंसर्ग असेल, अंडाशयावर गाठ असेल, गर्भाशय मागे झुकून चिकटलेले असेल, तर दाबाने कळ येते. पाळी गेल्यावर योनीचे अस्तर पातळ व कोरडे होते, त्यामुळेही दुखते. भीतीने किंवा मागे घडलेल्या एखाद्या प्रसंगाच्या आठवणीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आपोआप आवळले जातात. ते बाईच्या हातात नसते, आणि ‘सैल सोडा’ म्हटल्याने सैल होत नाही. आणखी एक आजार म्हणजे एंडोमेट्रिऑसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढते आणि आतले अवयव एकमेकांना चिकटतात. हा आजार सोनोग्राफीत कसा शोधावा, याविषयी निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी २०१६ साली एकमताने एक पद्धत ठरवली. प्रोबने दाबल्यावर नेमक्या कोणत्या जागी दुखते, हे पाहणे त्या पद्धतीचाच एक भाग आहे. म्हणजे बाई गप्प राहिली तर तपासणी अपुरी राहते. लेकरे झाली म्हणून दुखू नये, या म्हणण्याला शास्त्राचा काहीही आधार नाही.

मग हे म्हणणे येते कोठून? काही माणसांना दुखतच नाही, ही समजूत जुनी आहे. अमेरिकेत अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टराने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम काळ्या स्त्रियांवर बधिरीकरणाशिवाय शस्त्रक्रियांचे प्रयोग केले. त्यांतील तिघींची नावे आज ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी आणि ल्युसी. एकट्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली. ईथरने भूल देण्याचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६ सालीच झाले होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला; पण त्याच्या नावाचे उपकरण आपल्याकडच्या प्रसूतिगृहांत आजही वापरले जाते. आणि ती समजूतही गेलेली नाही. अमेरिकेतच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काळ्यांची कातडी जाड असते यासारख्या खोट्या समजुतींपैकी निदान एक तरी खरी मानणारे जवळजवळ निम्मे गोरे वैद्यकीय विद्यार्थी व निवासी डॉक्टर आढळले. ‘या बायका सोशिक असतात, यांना सवय असते’ हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी दवाखान्यात ऐकले असेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. सोशिकपणाची ही स्तुती ऐकून आपण खूष होऊ नये. जिला दुखत नाही असे एकदा ठरले, तिला विचारण्याचे कारणच उरत नाही.

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी असते. महाराष्ट्राने त्यासाठी १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. ती पाटी असायलाच हवी. पण तपासून घेणाऱ्या बाईचेही काही हक्क आहेत, हे सांगणारी पाटी मी त्या ठिकाणी पाहिली नाही. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या आणि २०१८ साली लोकांपुढे आलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहिती मिळण्याचा, संमतीचा आणि सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क नोंदवलेला आहे. पुरुष डॉक्टर स्त्रीची शारीरिक तपासणी करीत असेल तर दुसरी स्त्री हजर असावी, हेही त्यात आहे. हे हक्क प्रत्यक्षात कसे वापरायचे, ते आता सांगते.

जाण्यापूर्वी विचारावे की तपासणी पोटावरून आहे की आतून. पोटावरून असेल तर मूत्राशय भरलेले लागते, आतून असेल तर रिकामे. मी भरल्या मूत्राशयाने गेले, तीही दुखण्यात भर पडली. पाळी चालू असली तरी तपासणी करता येते. ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही, त्यांची तपासणी साधारणपणे पोटावरूनच करतात. ही गोष्ट आधी सांगण्यात लाज नाही. संबंधाच्या वेळी दुखते का, आधीच्या तपासणीत दुखले होते का, अंगावर कधी जबरदस्ती झाली आहे का, रबराचे वावडे आहे का, हेही सांगावे. सर्व तपशील द्यावा लागत नाही. ‘मला अशा तपासणीत त्रास होतो’ एवढे पुरते. नेहमी दुखत असेल तर तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने घेऊ नये.

खोलीत गेल्यावर प्रोब स्वच्छ करून त्यावर नवे आवरण चढवले आहे ना, जेल पुरेसे लावले आहे ना, हे विचारता येते. कमरेखाली उशी किंवा स्वतःच्या मुठी ठेवल्या तर कोन बदलतो आणि दाब कमी होतो. प्रोबचे टोक स्वतःच्या हाताने आत घेण्याची मुभा मागता येते. पुष्कळजणींना त्याने बराच फरक पडतो. श्वास रोखू नये, तो तोंडाने सावकाश सोडावा. आणि मुख्य म्हणजे आधीच ठरवून घ्यावे: मी ‘थांबा’ म्हटले की थांबायचे. दुखले तर कुठे, कसे, ते बोलावे. थांबल्यावर कोन बदलून पाहता येते, पोटावरून पाहता येते, दुसऱ्या दिवशी येता येते. एकदा दिलेली संमती मध्येच परत घेता येते, हे विसरू नये.

तपासणीनंतर काही तास, फार तर एखादा दिवस, ओटीपोट ठणकू शकते. किंचित रक्त दिसू शकते. गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, पाणी प्यावे. पण दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, ताप किंवा थंडी वाजून आली, घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तासाभरात एक पॅड भिजू लागले, चक्कर आली, तर वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी चुकलेली असेल आणि पोटात किंवा खांद्यात जोराची कळ येत असेल, तर गर्भ नळीत राहिल्याची शक्यता असते. तेथे तासांचा हिशेब असतो. आणखी एक. काहींना नंतर रडू येते, हात कापतात, झोप लागत नाही. हा नाटकीपणा नव्हे. विश्वासाच्या माणसाजवळ ते बोलावे, आणि कुठे किती दुखले, किती वेळ, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. पुढच्या डॉक्टरला त्या कागदाचा उपयोग होतो.

माझी तपासणी त्या बाईंनी पुन्हा केली. या वेळी मूत्राशय रिकामे होते, कमरेखाली उशी होती, ‘थांबा’ आधी ठरले होते. दुखले नाही असे मी म्हणणार नाही. दोनदा मी ‘थांबा’ म्हटले, दोन्ही वेळा त्या थांबल्या. डाव्या बाजूला, मागे, प्रोब टेकला तेव्हा मी ‘इथंच’ म्हणाले. त्यांनी तीच जागा पुन्हा हळू तपासली. डावे अंडाशय गर्भाशयाच्या मागे चिकटलेले निघाले. एंडोमेट्रिऑसिसचे औषध सुरू झाले. दुखणे संपलेले नाही, पण निम्म्यावर आले आहे.

आईला हे सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दुखतंय का म्हणून विचारलं तुला त्यांनी?” मी हो म्हटले. “मला नाही कुणी विचारलं,” ती म्हणाली.

वस्तीतल्या बाईला दवाखान्यात घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांना, वसतिगृहातल्या मुलींना, माझ्यासारख्या शिक्षिकांना माझे सांगणे एवढेच आहे. केसपेपर काढून देणे, रांगेत उभे राहणे ही मदत आहेच. पण आत जाण्यापूर्वी त्या बाईला काय होणार आहे ते समजावून सांगा, आणि ‘थांबा’ हा शब्द तिच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या. सोसणे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही. सांगणे मात्र शिकावे आणि शिकवावे लागणार आहे.