चित्र घेताना नाव विचारा

ठिपक्यांची रांगोळी आपल्या रोजच्या हातातली. ऑस्ट्रेलियातल्या पापुन्या वस्तीत १९७१ पासून तिथले आदिवासी आपल्या कथा रंगवू लागले. त्यांची ठिपक्यांची चित्रं आज जगभर विकली जातात.

आपल्याकडं डहाणू-तलासरीच्या वारली सवाशिणी लग्नात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढत आल्या. पुढं ही कला कागद-कापडावर आली. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. चौक काढणाऱ्या बहुतेक बायांची नावं मात्र कुठं लिहिलीच गेली नाहीत.

सातारा-सांगलीच्या प्रदर्शनात गटासाठी वारली चित्र घ्यायचं, तर आम्ही तीन गोष्टी पाहतो. एक, हुबेहूब तसंच दुसरं चित्र शेजारी असेल तर ते छापील समजायचं. दोन, उजेडात तिरकं धरलं की हातानं लावलेला रंग किंचित उठून दिसतो. तीन, मागं कलाकाराचं नाव आणि गाव हवं. पापुन्याच्या चित्राबरोबरही तसा दाखला देतात.

नाव असलं, की कष्टाचे पैसे कुणाला पोचले हे विचारता येतं. म्हणून घासाघीस करण्याआधी एवढंच विचारा: हे काढायला किती दिवस लागले?