पहिल्या तांब्यातलं शिसं

सकाळी नळ सोडला की पहिलं तांब्याभर पाणी आपण ओतून देतो. शिसं तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. हा धातू सहसा धरणातून येत नाही. जुने पाइप, सांध्यांचा डाख, पितळी तोट्या यांतून उतरतो. चहाची पावडर जास्त वेळ राहिली की कोरा चहा कडूजहर होतो, तसं रात्रभर पाणी पाइपात मुरतं. म्हणून किमान सहा तास नळ बंद ठेवून पहिलंच पाणी बाटलीत धरतात. भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम; एवढंसं जिभेला काय कळणार! अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ नंतर शिसं नळात आलं, तेव्हा नमुन्याच्या आदल्या रात्री नळ वाहू द्यायला सांगत. आकडे कमीच येणार! आणि पाणी उकळलं तर? पाणी आटतं, शिसं तेवढंच उरतं.