'टेक' ह्या इंग्रजी क्रियापदाचे अध्यापन : एक शब्द, अनेक अर्थ

चौथीच्या वर्गातील एक प्रसंग आहे. शिक्षकांनी फळ्यावर 'इट टेक्स टेन मिनिट्स' हे वाक्य लिहिले व त्याचा अर्थ विचारला. एका मुलीने उभे राहून उत्तर दिले, "ते दहा मिनिटे घेते." वर्ग हसला. "कोण घेते?" असे शिक्षकांनी विचारताच ती गोंधळून खाली बसली, आणि त्या तासाला तिने पुन्हा तोंड उघडले नाही.

मुलीचे काय चुकले? 'टेक म्हणजे घेणे' असे तिच्याकडून पूर्वी पाठ करवून घेतलेले होते. ते तिने इमानाने वापरले. चूक असलीच तर ती आपण दिलेल्या अर्धवट अर्थाची होती. सन २००० पासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी विषय शिकविला जात आहे. तेव्हा अशा अर्धवट अर्थांचे ओझे मूल सहाव्या वर्षापासूनच वाहू लागते. म्हणून ह्या एका लहानशा क्रियापदाचा येथे थोडा विस्ताराने विचार केला आहे.

१. आपल्या भाषेतील अनुभव

प्रथम आपल्या 'लागणे' ह्या क्रियापदाकडे पाहावे. भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. आंबा गोड लागतो, पाऊस पडू लागतो, शेजारचा मनुष्य नात्याने मामा लागतो आणि शाळेत पोहोचावयास अर्धा तास लागतो. ह्या आठ ठिकाणी अर्थ आठ. क्रियापद मात्र एकच. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम व १८५७ साली सुधारून छापला गेला; त्यांनाही ह्या एका क्रियापदाखाली अर्थामागून अर्थ नोंदवावे लागले.

तथापि आपले मूल 'लागणे' ऐकून कधी अडखळत नाही. ह्याचे कारण उघड आहे. त्याला 'लागणे' हा शब्द एकटा कोणी शिकविलाच नाही. तो त्याला 'भूक', 'ठेच', 'दिवा' ह्यांच्या सोबतीने भेटला. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो, हे ज्ञान मुलापाशी आधीच असते. इंग्रजी शिकविताना आपणच ते विसरतो व सुटा शब्द आणि त्याचा सुटा अर्थ फळ्यावर लिहितो.

२. शब्दाचा पूर्वेतिहास

'टेक' हा शब्द मूळचा इंग्रजी नाही. नवव्या शतकापासून स्कँडिनेव्हियातील लोक इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत येऊन वसले. त्यांच्या भाषेतील 'टाका' ह्या क्रियापदापासून 'टेक' आले. (आपल्या 'टाकणे' शी त्याचा काही संबंध नाही.) जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी 'निमन' असे निराळे क्रियापद होते, जर्मन भाषेत त्याचा भाऊबंद आजही नित्य वापरात आहे. इंग्रजीत मात्र पाहुण्याने घरच्याला हळूहळू बाहेर काढले. जुन्या शब्दाची एक खूण 'नम', म्हणजे बधिर, ह्या शब्दात उरली आहे. ज्याची संवेदना घेतली गेली आहे तो अवयव 'नम'.

मुलांस हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन नाही. पण शिक्षकास तो ठाऊक असावा. जो शब्द शेकडो वर्षे घरोघर राबला, त्याच्या अंगी अनेक अर्थ येणारच, हे त्यावरून ध्यानात येते.

३. अर्थांची कुळे

'टेक' चे अर्थ पुष्कळ दिसले तरी त्यांची काही कुळे पाडता येतात.

(अ) हातात घेणे. 'टेक धिस चॉक.' हा मूळ अर्थ होय. येथे 'घे' हे भाषांतर बिनचूक आहे.

(आ) नेणे. 'टेक धिस रजिस्टर टू द ऑफिस.' येथे 'घे' म्हटल्यास मूल हजेरीपट हातात घेऊन उभे राहील! येथे अर्थ 'ने' असा आहे. 'ब्रिंग' म्हणजे आण आणि 'टेक' म्हणजे ने, ही जोडी आपल्या आणणे-नेणे ह्या जोडीशी चांगली जुळते. तिचा लाभ घ्यावा.

(इ) शरीरात वा मनात घेणे. 'टेक धिस टॅब्लेट', 'टेक अ डीप ब्रेथ', 'टेक हिज ॲडव्हाइस.' गोळी घेणे, दीर्घ श्वास घेणे, सल्ला घेणे. येथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात.

(ई) वेळ, जागा किंवा श्रम लागणे. 'इट टेक्स टेन मिनिट्स' हे वाक्य ह्या कुळातील. काम आपल्या वेळातून दहा मिनिटे काढून घेते, अशी ह्यामागची कल्पना आहे. आपणही 'हे काम फार वेळ खाते' असे म्हणतोच. तेव्हा वरील मुलीला हसण्याऐवजी, "तुला घरून शाळेत यावयास किती वेळ लागतो?" एवढे विचारले असते, तर तिच्याच तोंडून 'लागतो' हा शब्द निघाला असता आणि गाठ सुटली असती.

(उ) नुसती कृती करणे. 'टेक अ बाथ' म्हणजे आंघोळ कर, 'टेक अ सीट' म्हणजे बस, 'टेक अ फोटो' म्हणजे फोटो काढ. येथे 'टेक' चा स्वतःचा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. सर्व भार पुढील नामावर आहे. आपणही फेरफटका मारतो, पण त्यात कोणाला मार बसत नाही. आठवण काढतो, पण ती कोणत्या पेटीतून काढावी लागत नाही. हे उदाहरण दिल्यास मुले हसतात आणि मुद्दाही समजतात.

४. उलट दिशेचा एक प्रयोग

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो व शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत नेमके उलट आहे. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो. शिक्षक ती 'गिव्ह' करतात. म्हणून आपला विद्यार्थी 'आय गेव्ह द टेस्ट' असे लिहितो. हे त्याच्या मराठीचे प्रामाणिक भाषांतर आहे. आपल्या देशात पुष्कळ सुशिक्षित माणसेही असेच बोलतात. त्यामुळे ह्यासाठी मुलास रागावणे अन्यायाचे होईल. परंतु लेखनात 'आय टुक द टेस्ट' हेच रूप रुजवावे. मराठीची नजर उत्तरपत्रिकेवर असते, ती आपण देतो; इंग्रजीची नजर प्रश्नपत्रिकेवर असते, ती आपण घेतो. इतके सांगितले की भेद ध्यानात राहतो.

५. पाठीमागून येणारे लहान शब्द

'टेक' च्या मागे 'ऑफ', 'आउट', 'आफ्टर' असा लहानसा शब्द आला की अर्थ पालटतो. 'टेक ऑफ युअर शूज' म्हणजे बूट काढ. 'द प्लेन टेक्स ऑफ' म्हणजे विमान उडते. 'टेक आउट युअर नोटबुक' म्हणजे वही बाहेर काढ. 'शी टेक्स आफ्टर हर मदर' म्हणजे ती आईच्या वळणावर गेली आहे. प्राथमिक वर्गांत बूट आणि वही ही दोन वाक्ये पुरेत, कारण ती कृतीने दाखविता येतात. उरलेली पुढील इयत्तांसाठी ठेवावीत.

६. वर्गात काय करावे

१) फळ्यावर 'टेक' हा शब्द एकटा लिहू नये. त्याचा सोबती बरोबर लिहावा. अर्थही संपूर्ण वाक्याचा द्यावा.

२) प्रथम आज्ञा, मग वाचन, मग लेखन, असा क्रम ठेवावा. खडू घेणे, हजेरीपट कार्यालयात नेणे, बूट काढणे ह्या गोष्टी मुलांनी प्रत्यक्ष कराव्यात. त्यासाठी कोणत्याही साधनाचा खर्च नाही.

३) एका आठवड्यात एकच कुळ घ्यावे. सर्व अर्थ एकाच तासात सांगणे म्हणजे एकही न सांगणे होय.

४) प्रत्येक वाक्य भूतकाळातही म्हणवून घ्यावे. 'टुक' हे रूप मूल ऐकूनच शिकते. 'टेकन' ची घाई करू नये.

५) चुकीचे उत्तर आल्यास प्रथम, "हे आपण घरी कसे म्हणू?" असा प्रश्न विचारावा. बहुधा मूल स्वतःच चूक सुधारते.

'गेट', 'मेक', 'रन', 'सेट' ही क्रियापदेही ह्याच जातीची आहेत. १९२८ साली पूर्ण झालेल्या ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात सर्वांत लांबलचक नोंद 'सेट' ह्या तीन अक्षरी शब्दाची होती. अवघड दिसणारे लांब शब्द बहुधा एकच अर्थ सांगून थांबतात. कसोटी पाहतात ते हे लहान शब्द. शिक्षकबंधुभगिनींनी पुढील शिक्षण परिषदेस येताना आपल्या वर्गातील मुलांनी ह्या क्रियापदांबाबत केलेल्या चुका टिपून आणाव्यात, आणि प्रत्येक चुकीपुढे ती ज्या मराठी वाक्यातून आली ते वाक्य लिहावे. असे केल्याने त्या चुकांमागे मुलाचा आळस नसून विचार होता, हे आपल्या ध्यानात येईल. आणि उत्तर देण्यास उभे राहिलेले मूल पुन्हा गप्प होऊन खाली बसणार नाही.