कचरा उचला, पण आधी मोजा

किनारा साफ केल्याच्या बातमीत आकडा बहुधा टनांत असतो. सोबत फोटोत हातमोजे घातलेली कॉलेजची मुलं आणि फुगलेल्या गोण्या. मेहनत खरी असते, पण त्या टनांतून संशोधकाच्या हाती फारसं काही लागत नाही. वाळू अडकलेलं एक ओलं जाळं काटा खाली खेचतं. कान कोरायच्या शंभर काड्यांची काट्याला दखलही नसते. घाण कुठून आली हे मात्र त्या काड्याच सांगतात. त्या संडासात टाकल्या जातात आणि सांडपाण्याच्या जाळ्यांतून निसटून समुद्र गाठतात.

अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर सप्टेंबर १९८६मध्ये लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हारा यांनी सफाई ठरवली. सुमारे २,८०० लोक आले आणि तीन तासांत १२४ टन कचरा निघाला. या दोघींची हुशारी टनांत नव्हती. त्यांनी प्रत्येकाच्या हाती तक्ता दिला होता : सापडलेली वस्तू कोणती आणि किती, ते लिहायचं. जहाजांवरून समुद्रात कचरा फेकू नये, या मागणीला त्या नोंदींनी बळ दिलं. जहाजांना प्लास्टिक समुद्रात टाकायला बंदी करणारा आंतरराष्ट्रीय नियम ३१ डिसेंबर १९८८पासून लागू झाला. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी किनारा सफाई ही त्याच टेक्सासच्या उपक्रमाची पुढची पिढी.

युरोपात मोजणीची शिस्त आणखी कडक आहे. किनाऱ्याचा १०० मीटरचा ठरावीक पट्टा घ्यायचा, वर्षातून चार वेळा त्याच जागी जायचं आणि प्रत्येक तुकडा नोंदवायचा. अशा मोजण्यांच्या आधारेच युरोपीय संघानं २०१९मध्ये एकदाच वापरायच्या प्लास्टिकचा कायदा केला. कानाच्या काड्या, स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या २०२१पासून बंद झाल्या. जुलै २०२४पासून तर बाटलीचं झाकण बाटलीलाच जोडलेलं असावं लागतं. एवढ्याशा झाकणासाठी कायदा कशाला, असं वाटेल. पण झाकणं किनाऱ्यावर हमखास सापडतात, आणि त्यामागे साधं पदार्थविज्ञान आहे. झाकण पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचं, पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तरंगत काठाला येतं. बाटली ‘पेट’ प्लास्टिकची, पाण्यापेक्षा जड. झाकण निघालं, आत पाणी शिरलं, की ती तळाला जाते. म्हणजे किनारा आपल्याला निम्मीच गोष्ट सांगतो.

तरंगत आलेल्या वस्तूही बोलक्या असतात. बाटलीवर देठाचे बार्नेकल (कवचाचे चिकट समुद्री जीव) चिकटलेले दिसले, तर ती सहलीला आलेल्यांनी काल टाकलेली नव्हे; बराच काळ समुद्रात फिरून आलेली. बार्नेकल जितके मोठे, तितका साधारणपणे समुद्रातला काळ जास्त. आठवीतल्या मुलीला पट्टी घेऊन हे मोजता येतं.

मुंबईत वर्सोव्याला ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली आणि लोक येत गेले. २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना ‘चॅम्पियन ऑफ द अर्थ’ म्हणून गौरवलं. मार्च २०१८मध्ये त्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. पिल्लांचे फोटो गाजले. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. पावसाळ्यात उधाणाची भरती कचरा पुन्हा काठावर आणून टाकते, कारण नाले आणि नद्या तो ओततच असतात. पुढे शाह यांनी मिठी नदीकडे मोर्चा वळवला, तो म्हणूनच योग्य होता.

मग तळाला गेलेल्या निम्म्या गोष्टीचं काय? ती वर्सोव्याच्याच कोळ्यांना ठाऊक आहे. त्यांची डोल जाळी भरती-ओहोटीच्या प्रवाहात उभी असतात आणि बोंबील, जवळ्याबरोबर पिशव्याही गाळून घेतात. इतकं पाणी गाळणारं उपकरण कुठल्या प्रयोगशाळेला परवडेल? केरळात कोल्लमजवळच्या शक्तिकुळंगरा बंदरात २०१७पासून मच्छीमारांनी जाळ्यात आलेलं प्लास्टिक परत न टाकता किनाऱ्यावर आणायला सुरुवात केली. तिथे बायका ते धुऊन निवडत, मग त्याचा चुरा करून रस्त्याच्या डांबरात मिसळला जाई. आपल्या कोळीवाड्यांत मासळी निवडायचं काम रोजच चालतं. शेजारच्या शाळेतली दोन मुलं महिन्यातून एकदा वही घेऊन तिथे बसली, तर पिशव्या किती, दोरीचे तुकडे किती, कुठल्या कंपनीची पाकिटं किती, याचा वर्षभराचा तक्ता तयार होईल.