चावरा कुत्रा : दोष कोणाचा व उपाय कोणाकडे ?

मनुष्याच्या आश्रयास आलेल्या प्राण्यांत कुत्र्याइतका जुना सोबती दुसरा नाहीं. असें असतां, ज्या घरांत पिलूं म्हणून त्याचें कोडकौतुक झालें, त्याच घरांतून तें पुढें "चावरें" ठरून रस्त्यावर सोडून दिलें जातें, किंवा जन्मभर साखळीस बांधिलें जातें. शिक्षा ठोठावण्यापूर्वीं गुन्ह्याची चौकशी व्हावयास नको काय ? त्या चौकशीची रीत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

प्रथम, कुत्रा शिकतो कसा तें पाहूं. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह ह्यांस पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कुत्र्यांच्या तोंडास, अन्न पुढें येण्यापूर्वींच, तें आणणारा माणूस दिसतांच लाळ सुटे. एका गोष्टीमागून दुसरी येते, हा संबंध कुत्र्याच्या मनांत असा पक्का बसतो. आपल्या दारचेंच उदाहरण घ्या. पोस्टमन फाटकाशीं येतो, कुत्रा भुंकतो, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. तो आपल्या कामासाठीं गेला हें कुत्र्यास काय ठाऊक ? आपल्या भुंकण्यानेंच तो पळाला हा धडा त्यास रोज मिळतो, व भुंकणें वाढत जातें. तसेंच, पिलानें अंगावर उडी मारली कीं सर्वजण हंसून त्यास कुरवाळतात. तेंच थोर होऊन पाहुण्यावर उडी घेतें तेव्हां त्यास काठी बसते. नियम बदलला हें त्यास कोणीं सांगितलें ?

"कुत्र्यास धाकांत ठेवावें, नाहीं तर तो घराचा धनी होऊं पाहतो," अशी एक समजूत आहे. कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचें निरीक्षण करून रुडॉल्फ शेंकेल ह्यांनीं १९४७ सालीं जें लिहिलें, त्यावरून ती पुष्कळ बळावली. परंतु रानांतील लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांचीं पिलें असें एक कुटुंबच असतें, हें डेव्हिड मेक ह्यांनीं १९९९ सालीं स्पष्ट केलें. शिवाय मारण्यांत मोठा धोका आहे. गुरगुरणें ही कुत्र्याची इशारत होय. मारून ती बंद करतां येते, पण तिच्या मुळाशीं असलेली भीति तशीच राहते. मग एके दिवशीं तो न गुरगुरतांच चावतो, आणि पुष्कळ वेळां घरांतील लहान मूलच त्याच्या दांतांखालीं सांपडतें.

म्हणून जाणत्याची मदत घ्यावी, आणि तीही क्रमानें घ्यावी. पहिला मान पशुवैद्याचा. कान ठणकत असला, दांत किंवा सांधा दुखत असला, तर गरीब कुत्राही हात लावूं देत नाहीं. अशा वेळीं शिकवणीचा काय उपयोग? मुंबईस परळ येथें १८८६ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे, आणि तालुक्याच्या गांवीं सरकारी दवाखानाही असतो. कुत्र्याचा स्वभाव एकाएकीं पालटला, तोंडांतून लाळ गळूं लागली, गिळतां येईना, तर मात्र त्याच्या जवळ जाऊं नये. तें पिसाळल्याचें लक्षण असूं शकतें. कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि लागलीच इस्पितळांत जाऊन लस टोंचून घ्यावी. ह्यांत एक दिवसाचीही हयगय जिवावर बेतते.

शरीरांत दोष नाहीं असें ठरलें म्हणजे शिक्षक पाहावा. ह्या धंद्यांत कोणीही पाटी लावूं शकतो. यास्तव आधीं तीन प्रश्न विचारावे. कुत्र्यानें ऐकलें तर आपण काय करतां ? चुकला तर काय करतां ? आणि शिकवितांना आम्हांस हजर राहतां येईल काय ? काटेरी पट्टा, गळफास किंवा विजेचा धक्का हें ज्याचें उत्तर असेल, त्यास नमस्कार करून परत फिरावें. बक्षिसानें शिकविण्याचीच पद्धति वापरावी, असें प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेंतील पशुवैद्यांच्या संस्थेनें २०२१ सालीं जाहीर केलें आहे. "महिनाभर कुत्रा माझ्याकडे ठेवा, सुधारून देतों," अशी हमी देणाऱ्यापासूनही सावध असावें. शिक्षकाच्या अंगणांत कुत्रा शहाणा झाला, तरी घरची वागणूक जुनीच असेल तर जुनी खोड परत येते. खरा शिक्षक कुत्र्याबरोबर घरच्या माणसांसही शिकवितो : बाबांनीं खाटेवरून उतरवावें आणि बाळनें पुन्हा वर घ्यावें, असें चालणार नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, नीतिमान मनुष्यास आपल्या जनावराच्या जिवाची काळजी असते, अशी शिकवण नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायांत आहे. आपल्या देशांत १९६० च्या कायद्यानें प्राण्यांस निर्दयपणें मारणें, तसेंच पाळलेलें जनावर टाकून देणें, हे गुन्हे ठरले आहेत. पण कायद्याच्या भीतीनें नव्हे, तर त्या मुक्या जिवास आपणच घरीं आणिलें हें स्मरून वागावें. त्यास आपली अडचण सांगतां येत नाहीं. ती ओळखणाऱ्याकडे त्यास घेऊन जाणें एवढें तरी आपल्या हातीं आहे.