दूध सोडाल त्या दिवसापासून गोळी

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या शाकाहारी घरांत कुणी व्हीगन व्हायचं ठरवलं, की ताटातून दूध, दही, ताक आणि तूप जातं. वरण-भात, पोळी, भाजी, उसळ तशीच राहते. बदल लहान दिसतो. पण या घरांत बी-१२ जीवनसत्त्व येत होतं ते दुधातूनच. ते ना वनस्पती बनवतात ना प्राणी. बनवतात फक्त सूक्ष्मजंतू, आणि आपल्यापर्यंत ते प्राणिज अन्नातून पोचतं. जनावरांचे हाल नकोत म्हणून दूध सोडणं हा मला आदर वाटणारा निर्णय आहे. म्हणूनच माझा आग्रह असा, की बी-१२ची गोळी पहिल्याच दिवशी सुरू व्हावी.

यकृतातला साठा तीन-चार वर्षं पुरतो, मग घाई कशाला, असं यावर हमखास ऐकवलं जातं. हा हिशेब मांस-अंडी खात वाढलेल्या शरीराचा आहे. आपल्या खात्यात मुळात शिल्लकच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग यांतले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. ६७ टक्के जणांत बी-१२ कमी आढळलं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. दूध वर्ज्य नसलेल्या समाजातले हे आकडे आहेत! ठाण्याच्या नौपाड्यातलं किंवा डोंबिवलीतलं शाकाहारी घर याहून फार वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२चं शोषण आणखी घटतं.

लक्षणं दिसली की बघू, हे धोरण तर घातकच. पालेभाज्या-डाळींतलं भरपूर फोलेट रक्तक्षय झाकून ठेवतं. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. तळपायाला मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा हे सारं वयावर किंवा दगदगीवर ढकललं जातं. उपचाराला उशीर झाला तर नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईची कमतरता थेट बाळाच्या मेंदूपर्यंत पोचते, तिथे तर वाट पाहायची सोयच नाही.

पूर्वजांनी कुठे गोळ्या घेतल्या? पण ते दूधदुभतं खाणारे होते. बी-१२साठी इडलीच्या आंबलेल्या पिठावर विसंबता येत नाही. स्पिरुलिनातलं बहुतेक बी-१२ नुसतं सारखं दिसणारं, शरीराला निरुपयोगी असतं. फोर्टिफाइड तांदळात किलोमागे जेमतेम १ मायक्रोग्रॅम, तर प्रौढाची रोजची गरज २.२. गोळीतलं बी-१२ मात्र जंतूंकडूनच, टाक्यांत आंबवून मिळवतात. त्यात जनावर कुठेच नाही. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं नाही ना, ते पाहावं. रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० पुरतात. एका वेळी शरीर थोडंच शोषतं, म्हणून आठवड्याचा आकडा एवढा मोठा. मुंग्या आधीच सुरू असतील, तर डॉक्टरांकडून तपासणी आणि गरजेप्रमाणे इंजेक्शन. सकाळची लोकल गाठून अंधारात परतणाऱ्यांना ऊन मिळत नाही, त्यांना ‘ड’ जीवनसत्त्वही लागतं. नेहमीचं डी-३ मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून करतात. व्हीगनांसाठी आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून केलेलं मिळतं.